दुष्परिणाम येतो कोठून?

आपल्या घरांतून औषधाविषयीची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मांडली जाते : गोळी गरम पडली. पोटात जळजळले, तोंड आले, जुलाब लागले, अंगावर पुरळ उठले, झोप उडाली. काहीही झाले तरी निदान हेच. या वाक्यामागचा अनुभव खरा असतो, त्यामुळे ते हसण्यावारी नेऊ नये. अडचण इतकीच की पाच निरनिराळ्या घटनांना एकच नाव दिले म्हणजे त्यांतील किरकोळ कोणती, टाळता येण्याजोगी कोणती आणि जिवावर बेतणारी कोणती, हे कळेनासे होते. मग माणूस एकतर निमूटपणे सोसत राहतो, नाहीतर गोळी परस्पर बंद करतो. या दोन्ही गोष्टी प्रसंगी मूळ आजाराहून महाग पडतात.

ज्या वाचकांच्या घरी कोणी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांनी हा लेख त्याच्या अथवा तिच्या सोबत वाचावा अशी विनंती आहे. औषधशास्त्र हा विषय त्या वर्षी असतो आणि प्रत्येक औषधाच्या दुष्परिणामांची लांबलचक यादी पाठ करण्यात विद्यार्थ्यांच्या रात्री जातात. एक सूत्र हाती असेल तर त्या यादीचा बराचसा भाग पाठ करावाच लागत नाही. तो तर्काने काढता येतो. ते सूत्र असे : बहुतेक दुष्परिणाम म्हणजे औषधाचे तेच काम, पण नको त्या ठिकाणी किंवा नको तितके झालेले.

गोळीला पत्ता ठाऊक नसतो

गुडघा दुखतो म्हणून आपण गोळी घेतो आणि ती गुडघ्याकडे गेली असे मानतो. वास्तविक ती जठरात विरघळते, आतड्यांतून रक्तात शिरते, यकृतातून जाते आणि मग रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. गुडघ्यात जेवढी पोहोचते तेवढीच मूत्रपिंडात, हृदयात, त्वचेत आणि काही औषधांच्या बाबतीत मेंदूतही पोहोचते. औषधाचा रेणू फिरता फिरता शरीरातील एखाद्या विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटतो. हे प्रथिन कधी पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश घेणारे ग्राही असते, तर कधी रासायनिक क्रिया घडवून आणणारे एन्झाइम असते. औषध त्याला चालना देते किंवा अडवते.

मुद्दा असा की तेच प्रथिन शरीरात एकाच जागी नसते. निसर्गाने एकच साधन अनेक ठिकाणी, अनेक कामांसाठी वापरले आहे. आपल्याला ते एका ठिकाणी अडवायचे असते. औषध ते सर्वत्र अडवते. जिथे आपल्याला हवे तिथल्या परिणामाला आपण गुण म्हणतो, इतरत्र झालेल्या परिणामाला दुष्परिणाम. रेणूच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकच.

गुडघ्यापासून मूत्रपिंडापर्यंत

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामके घराघरांत आहेत. अॅस्पिरिनही याच कुळातले. अॅस्पिरिन १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत तयार झाले; परंतु ते नेमके करते काय, याचा उलगडा व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती थांबवतात. या संशोधनासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन वाढते आणि तेथील मज्जातंतू हळवे होतात. ते घटले की वेदना कमी होते. पण हेच द्रव्य जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट संरक्षक थर टिकवून ठेवते. ते घटले की जठरातील आम्ल त्या अस्तरालाच चावू लागते आणि व्रण होतो. म्हणून ‘उपाशीपोटी घेतली, म्हणून बाधली’ हे अर्धेच सत्य आहे. हा परिणाम प्रामुख्याने रक्तावाटे होतो. त्यामुळे वेदनाशामकाचे इंजेक्शन घेतले तरी जठराला इजा होऊ शकते.

रक्तातील प्लेटलेट नावाच्या कणिकाही याच साखळीतील एका द्रव्याच्या साहाय्याने एकमेकींना चिकटतात. अॅस्पिरिन ही क्रिया कायमची बंद पाडते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला ते एन्झाइम नव्याने बनवता येत नाही. म्हणून तिच्या आयुष्यभर, म्हणजे सुमारे सात ते दहा दिवस, हा परिणाम टिकतो. हृदयविकाराच्या रुग्णाला दिली जाणारी ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी याच गुणावर काम करते. दात काढण्यापूर्वी दंतवैद्य तिची चौकशी करतात तीही याच कारणाने. एका रुग्णाचे रक्षण करणारा गुण दुसऱ्या प्रसंगी रक्तस्राव वाढवणारा ठरतो.

जठराला इजा न करणारे वेदनाशामक काढण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला. एन्झाइमचे दोन प्रकार आढळले होते. त्यांतील सुजेशी संबंधित प्रकारच तेवढा अडवायचा, अशी ती कल्पना. रोफेकॉक्सिब हे औषध त्यातून आले. जठराला त्याने खरोखरच कमी त्रास दिला. परंतु हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आल्यामुळे २००४ साली ते कंपनीने जगभरातून मागे घेतले. ज्याला आपण फक्त सुजेचे एन्झाइम समजत होतो, ते रक्तवाहिन्यांतही एक राखणीचे काम करत होते.

पालखीच्या वाटेवरचा धोका

विश्रांतवाडीच्या वाचकांना पुढील मुद्दा अगदी आपल्या दारातला वाटेल. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर या वाटेने पुण्यात येते. आळंदी रस्ता त्या दिवशी माणसांनी भरून वाहतो. या परिसरातील मंडळे आणि घरे वारकऱ्यांना पाणी देतात, पाय चेपून देतात. कोणी कनवाळूपणे वेदनाशामक गोळीही पुढे करतो. देणाऱ्याचा हेतू शंभर नंबरी असतो. पण घेणारा साठी उलटलेला असेल, रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल आणि दिवसभर घाम गाळून चालला असेल, तर ती गोळी त्याच्या मूत्रपिंडांवर घाला घालू शकते. कसा, ते पाहू.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत एक वाहिनी रक्त आणते, दुसरी बाहेर नेते. गाळण्यासाठी आत पुरेसा दाब लागतो. घामाने शरीरातील पाणी घटले की रक्त आणणारी वाहिनी आकसू पाहते. तिला उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते. वेदनाशामकाने नेमका तोच आधार काढून घेतला जातो. दाब टिकवण्याचा दुसरा उपाय म्हणजे रक्त बाहेर नेणारी वाहिनी आवळणे. हे काम अँजिओटेन्सिन करते. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही रक्तदाबाची औषधे तेच अडवतात. त्यातच लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मुळातच कमी झालेले पाणी आणखी कमी होते. रक्त आत येणे घटले, बाहेर जाण्याची वाट सैल राहिली आणि एकूण रक्ताचा साठाही रोडावला. गाळणीतील दाब कोसळतो आणि मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत काम थांबवू शकतात.

यांतील एकही औषध वाईट नाही. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन तर मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडांचे रक्षण करण्यासाठीच अनेकदा दिली जातात. तिन्ही एकत्र आली आणि अंगातील पाणी आटले, म्हणजे घात होतो. यासाठी वारकऱ्यांनाच काय, उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या घरातल्या कोणत्याही वयस्कर माणसाला विचारून घ्यावे : रक्तदाबाची गोळी चालू आहे काय? लघवी वाढवणारी गोळी चालू आहे काय? मूत्रपिंडाचा आजार आहे काय? उत्तर ‘हो’ असेल तर वेदनाशामक देऊ नये. पाणी, सावली, विश्रांती द्यावी; गोळी लागलीच तर योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित असते. लघवी फार कमी झाली असेल तर वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. वारीला निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना भेटून ‘वाटेत जुलाब-उलट्या झाल्या तर यांतील कोणत्या गोळ्या थांबवायच्या?’ हे विचारून ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. वेदनाशामकासोबत पँटोप्राझोलसारखी ‘पित्ताची गोळी’ घेतली की सारे सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. ती गोळी जठरातील आम्ल घटवते. जठराचे रक्षण करते. मूत्रपिंडातील आणि रक्तवाहिन्यांतील प्रोस्टाग्लँडिन ती परत आणत नाही.

गोळीमागे गोळी

दुष्परिणाम ओळखू आला नाही तर काय होते, याचे एक चित्र डोळ्यांपुढे आणा. धानोरी रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीतील निवृत्त आजोबा आहेत असे समजा. गुडघ्यांसाठी ते रोज वेदनाशामक घेतात. या औषधाने शरीरात मीठ-पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबासाठी त्यांना अॅम्लोडिपिन सुरू होते. अॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते आणि रक्तदाब उतरतो. परंतु ते शिरांना तितके सैल करत नाही. त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपते आणि संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज दिसू लागते. सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. ही सूज अंगात पाणी वाढल्यामुळे आलेली नसते, म्हणून तिने फारशी उतरत नाही. मात्र ती गोळी युरिक अॅसिड वाढवते. काही महिन्यांनी पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागतो. आणि त्या ठणक्यासाठी आजोबा पुन्हा अधिक वेदनाशामक घेतात.

वर्तुळ पूर्ण झाले. आजोबांच्या डब्यात आता तीन औषधे आहेत, त्यांना तीन आजार आहेत असे सगळे घर समजते. आणि प्रत्यक्षात यांतील बराचसा भाग पहिल्या गोळीने सुरू केलेला आहे. शिवाय मागील भागात सांगितलेल्या धोकादायक त्रिकुटातील दोन औषधे आता त्यांच्या पोटात रोज जात आहेत. दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर नवे औषध देणे, या प्रकाराला वैद्यकशास्त्राने १९९० च्या दशकात स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला औषधांची साखळी म्हणता येईल. तीत दोष एखाद्याच व्यक्तीचा नसतो. गुडघ्याची गोळी एकाने सांगितलेली असते, रक्तदाबाची दुसऱ्याने, आणि वेदनाशामक तर औषधांच्या दुकानातून कोणालाही न विचारता आणलेले असते. साखळी तोडायची तर सगळ्या गोळ्या एकाच वेळी एकाच डॉक्टरांपुढे मांडाव्या लागतात.

अशाच रीतीने खोकलाही फसवतो. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ज्या एन्झाइमला अडवतात, तेच एन्झाइम ब्रॅडिकिनिन नावाच्या द्रव्याचा निचराही करत असते. निचरा थांबला की ते द्रव्य श्वसनमार्गात साठते आणि कोरडा, सतत ढास लावणारा खोकला सुरू होतो. तो गोळी सुरू केल्यानंतर काही दिवसांनीच नव्हे, तर काही महिन्यांनीही येऊ शकतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. खोकल्याच्या बाटल्या संपतात, छातीचे एक्स-रे निघतात. टेल्मिसार्टन-लोसार्टन ही औषधे त्या एन्झाइमला हात लावत नाहीत, पुढच्या पायरीवर अडवतात. म्हणून डॉक्टर गोळी बदलतात आणि खोकला सहसा काही आठवड्यांत थांबतो.

महाडचा धडा

गुण आणि दुष्परिणाम ही एकाच कामाची दोन नावे आहेत, हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारी घटना आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले दगावत असत. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून अॅड्रेनॅलिन कुळातील द्रव्यांचा लोंढा सुटतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि अखेरीस हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या रुग्णांवर अनेक वर्षे काम केले.

त्यांनी वापरलेले प्राझोसिन हे औषध विंचवासाठी बनलेले नव्हते. ते रक्तदाबाचे औषध होते, आणि त्याची एक अडचण डॉक्टरांना चांगली ठाऊक होती : पहिल्याच मात्रेनंतर रक्तदाब झपकन उतरून रुग्ण उभा राहताच कोसळू शकतो. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहींना अडवते, नेमक्या त्याच ग्राहींवर विंचूदंशाचा लोंढा आदळत असतो. म्हणजे एरवी ज्या परिणामाची भीती बाळगायची, तोच येथे जीव वाचवणारा ठरला. प्राझोसिनच्या वापराने या दंशाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. डॉ. बावस्कर यांचे हे काम १९८० च्या दशकात ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार चालू असतानाही औषधाचा मूळ स्वभाव विसरून चालत नाही : प्राझोसिन दिलेल्या मुलाला आडवेच ठेवावे लागते, कारण उठवून उभे केले तर रक्तदाब उतरण्याचा धोका असतोच.

आता हा धडा घरात आणू. प्रोस्टेटच्या त्रासासाठी आजोबांना दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी औषधे याच कुळातील आहेत. ती मूत्रमार्गाचे स्नायू सैल करतात, आणि कमी प्रमाणात का होईना, रक्तवाहिन्याही सैल करतात. रात्री लघवीसाठी झटकन उठलेले आजोबा न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडतात ते अनेकदा यामुळे. खुब्याचे हाड मोडणे हा मग गोळीचाच लांबलेला दुष्परिणाम होय. औषध बंद करण्याची गरज बहुधा नसते. उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसावे, वाटेत दिवा असावा आणि नव्या गोळीची पहिली मात्रा झोपताना घ्यावी की कसे, हे डॉक्टरांना विचारावे.

हीच रीत इतर औषधांना

एकदा ही रीत कळली की घरातील डब्यात हात घालावा आणि प्रत्येक पट्टीला तोच प्रश्न विचारावा. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन हिस्टामिनला अडवते आणि नाक गळणे थांबवते. मेंदूत हिस्टामिन जागे राहण्यास मदत करते, आणि हे औषध मेंदूत शिरते. म्हणून झोप येते. याच औषधाने तोंड कोरडे पडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. रिक्षा, बस, दुचाकी चालवणाऱ्याने ही गोळी घेऊन रस्त्यावर उतरू नये, हे त्यातूनच निघते.

दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल श्वासनलिका सैल करते. तेच ग्राही हातांच्या स्नायूंतही असतात, म्हणून पंप घेतल्यावर हात थरथरतात आणि छाती धडधडते. याच्या अगदी उलट काम प्रोप्रानोलॉल करते. ते हृदयाची गती उतरवते, परंतु श्वासनलिका आवळते. दमेकरी माणसाने शेजाऱ्याची ‘धडधडीची गोळी’ सहज म्हणून घेणे म्हणूनच जिवावर बेतू शकते.

प्रतिजैविक जंतूंना मारते. आतड्यांतील उपयुक्त जंतूंना ते वेगळे ओळखत नाही, म्हणून जुलाब होतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आतड्यांतून होणारे ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटवते. ज्या शाकाहारी घरांत हे जीवनसत्त्व मुळातच कमी मिळते, तेथे पायांना मुंग्या येणे हे मधुमेहाचेच लक्षण मानून सोडून देऊ नये. ब-१२ ची तपासणी करून घ्यावी.

पॅरासिटामॉलची गोष्ट जरा निराळी आहे. येथे प्रश्न नको त्या जागेचा नसून नको तितक्या मात्रेचा आहे. यकृतात त्याचा थोडा भाग एका विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा मर्यादेत असेपर्यंत हे सुरळीत चालते. ग्लुटाथायोनचा साठा संपला की तेच विष यकृताच्या पेशी जाळते. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. वजन कमी असेल, मद्यपान असेल वा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. म्हणून पट्टीवरील मोठ्या अक्षरांतील नाव वाचू नका, त्याखालचे बारीक अक्षरांतील नाव वाचा.

जे तर्काने कळत नाही

प्रामाणिकपणे सांगायचे तर सर्वच दुष्परिणाम या सूत्रात बसत नाहीत. काही वेळा शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा औषधालाच शत्रू समजते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पुढे देशात बनलेले पेनिसिलिन घरोघर पोहोचले. त्याने असंख्य जीव वाचवले. पण एखाद्या व्यक्तीला त्याच पेनिसिलिनची एकच मात्रा घातक ठरू शकते. येथे मात्रेचा हिशेब चालत नाही, जागेचाही नाही. येथे उपयोगी पडते ती फक्त आठवण : पूर्वी कोणत्या औषधाने काय झाले होते, ही नोंद. ती प्रत्येकाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली असावी.

पुढील लक्षणे दिसली तर ‘गरम पडले असेल’ म्हणून थांबू नये : ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, अंगावर फोड येऊन तोंडात व डोळ्यांत जखमा होणे, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणे, लघवी अगदी कमी होणे, शुद्ध हरपणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा जवळचे रुग्णालय गाठावे, आणि चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

आपल्या हाती काय आहे

पहिली गोष्ट, कोणतीही नवी तक्रार सुरू झाली की नव्या आजाराचा विचार करण्याआधी एक प्रश्न विचारावा : गेल्या काही आठवड्यांत औषधांत काय बदलले? नवी गोळी आली, मात्रा वाढली, की जुनी बंद झाली? तारखा आठवत नसतात, म्हणून गोळी सुरू केल्याची तारीख पट्टीच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट, संशय आला तरी गोळी परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांशी बोलावे. शरीर औषधाशी जुळवून घेत असते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी दीर्घकाळ घेतली की हृदयावरील ग्राहींची संख्या वाढते. ती एकाएकी थांबवली तर त्या वाढलेल्या ग्राहींवर अॅड्रेनॅलिन तुटून पडते आणि छातीत दुखू लागू शकते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचेही तसेच : शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असते. या औषधांची मात्रा हळूहळूच उतरवावी लागते. अपवाद वर सांगितलेल्या गंभीर लक्षणांचा. तेथे पुढची मात्रा न घेता तातडीने रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट, झालेला त्रास नोंदवावा. भारतात २०१० सालापासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. देशभरातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. डॉक्टरच नव्हे, तर रुग्ण आणि नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. बाजारात येण्यापूर्वी औषधाची चाचणी मर्यादित लोकांवर झालेली असते. दुर्मीळ दुष्परिणाम नंतरच्या लाखो वापरणाऱ्यांतूनच उघड होतात, आणि तेही कोणी कळवले तरच.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास सुचवतो. येत्या रविवारी आजी-आजोबांचा औषधांचा डबा समोर घ्या. प्रत्येक गोळीसाठी वहीत तीन रकाने आखा : ती कोणाला अडवते किंवा चालना देते, तेच प्रथिन शरीरात आणखी कोठे आहे, तेथे काय घडेल. पुस्तक बंद ठेवून तिसरा रकाना भरा आणि मग पुस्तकातील यादीशी ताडून पाहा. त्यानंतर आजीशेजारी बसा आणि तिसऱ्या रकान्यातील एकेक गोष्ट तिला साध्या मराठीत विचारा : रात्री उठल्यावर चक्कर येते का, घोटे सुजतात का, तोंड कोरडे पडते का. डॉक्टरांकडे जाऊन सांगण्याइतके महत्त्वाचे काही नाही असे समजून आजीने जे कधी बोलून दाखवले नव्हते, ते अशा विचारण्याने बाहेर येते. मिळालेल्या उत्तरांची चिठ्ठी करून ती आजीच्या डॉक्टरांकडे न्या; गोळ्यांमध्ये बदल मात्र त्यांच्यावरच सोपवा.